हंशाचा हिशेब

टाळी वाजवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. नाचणाऱ्या बाईला विचारतात, सोंग काढणाऱ्याला विचारतात, हे असलं का केलंस म्हणून. पण समोर बसून दात काढणारा, हे चालेल, हे चालणार नाही असं ठरवणारा, तो मात्र सभ्य. तो रसिक. जो निकाल देतो त्याच्यावर त्या निकालाची काही जबाबदारी येते की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रश्न मुद्दाम लांबून उचलतो. १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत दलित पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या पँथरवरून. नाव घेतलं, तर त्यांच्या थिएटरातली धूळही बघायला हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बोलपट येईपर्यंत तिकडे व्हॉडव्हिल नावाचा प्रकार जोरात होता. नाटक नव्हे. एका तिकिटात आठ-नऊ आयटेम. एक गाणारी, एक कसरतवाला, शिकवलेली कुत्री, दोघांची बतावणी, एखादा जादूगार. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-वीस मिनिटं. तेवढ्यात पब्लिक जिंकायचं, नाहीतर पुढच्या गावचं काम गेलं.

या धंद्यातला मोठा सावकार म्हणजे बॉस्टनचा बी. एफ. कीथ. त्याच्या थिएटरांत बायकापोरांनी निर्धास्त यावं म्हणून भाषेवर कडक पहारा. शिवी तर सोडाच, साधा उर्मट शब्दसुद्धा चालायचा नाही. नट त्याच्या साखळीला चेष्टेनं रविवारची शाळा म्हणत. सोमवारी नवा संच लागायचा. त्या दिवशी थिएटरचा मॅनेजर खेळाला बसायचा आणि एकेका आयटेमवर दोन-चार ओळी लिहायचा. किती मिनिटं चाललं, पडद्यापुढं झालं की सगळं स्टेज लागलं, हंशा कितपत, टाळी कशी. हे रिपोर्ट मुख्य कचेरीत जायचे. कुणाला पुढं लावायचं, कुणाचा पगार किती, कुणाला गाळायचं, ते यावरून ठरायचं. कचेरीच्या आतले कागद ते. नटाला दाखवायला लिहिलेले नव्हेत. आज ते आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, साधारण १९०२ ते १९२३ या काळातले.

मॅनेजर अडाणी होता असं मी म्हणत नाही. रोज खेळ बघणाऱ्याला चांगलं-वाईट कळतंच, आमच्या कुठल्याही परीक्षकापेक्षा जास्त कळत असेल. पण तो स्वतःला काय वाटलं तेवढंच लिहीत नव्हता. माझ्या गावच्या तिकीट काढणाऱ्याला हे कसं लागलं, ते लिहीत होता. निकाल पब्लिकच्या नावानं, लेखणी मॅनेजरची, आणि भाकरी जायची ती नटाची. पब्लिकला पत्ताच नाही की आपल्या जांभईनं कुणाची चूल विझली. मॅनेजर म्हणणार, मी फक्त लिहिलं. कचेरी म्हणणार, आम्ही फक्त वाचलं. जातीचा कारभार आपल्या गावात असाच चालतो. हात कुणाचाच लागत नाही आणि माणूस मरतो.

आणि पब्लिक म्हणजे तरी कोण? बऱ्याच थिएटरांत काळ्या प्रेक्षकाला खाली बसायची बंदी. त्यानं वरच्या गॅलरीत जायचं. स्टेजवर साधारणपणे एका खेळात काळ्यांचा एकच आयटेम. त्यातही काळ्या नटानं एकट्यानं यायचं नाही, जोडी हवी, अशी चाल होती. बिल रॉबिन्सनसारख्या नाचणाऱ्यानं ती पुढं मोडली. गॅलरीतून आलेली टाळी मॅनेजरच्या कागदावर किती चढली असेल?

आता बर्ट विल्यम्सचं बघा. १८७४ साली बहामात जन्मलेला, उजळ रंगाचा, वाचनाचा नाद असलेला माणूस. पण स्टेजवर जायचं तर जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, गोऱ्यांच्या डोक्यातला वेंधळा काळा होऊन जायचं. काळ्या माणसाला काळा दिसण्यासाठी तोंड काळं करावं लागलं! जॉर्ज वॉकरबरोबर त्याची जोडी गाजली. १९०३ साली 'इन डाहोमी' या काळ्यांच्या संगीतिकेनं ब्रॉडवे गाठला. १९१० साली झीगफेल्डनं त्याला आपल्या फॉलीजमध्ये घेतलं, तेव्हा गोऱ्या नटांनी काम सोडायची धमकी दिली. झीगफेल्ड नमला नाही. विल्यम्स राहिला आणि त्यानं खेळ खाल्ला. पण रात्री लोकांना लोळवून हसवणाऱ्या या माणसाला गावोगावच्या हॉटेलांत उजळ माथ्यानं जाता येत नव्हतं. १९२२ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला खेळ चालू असताना तो स्टेजवर कोसळला. पब्लिकला वाटलं, हीपण एक गंमतच. लोक हसले. काही दिवसांतच तो मेला.

आपल्यातला कुणी म्हणेल, काजळी फासलीच कशाला? स्वाभिमान नव्हता का? हा प्रश्न सोपा आहे, कारण तो मेलेल्या नटाला विचारायचा आहे. मला तो उलटा विचारायचाय. काजळीशिवाय आला असता तर तिकीट काढलं असतं का? ज्यानं काजळीची किंमत दिली आणि नुसत्या चेहऱ्याची दिली नाही, काजळी त्याची आहे. विल्यम्सनं फक्त तोंड दिलं. त्याच्यावर काहीच दोष येत नाही असं मी म्हणणार नाही. त्याच्या सोंगानं हजारो काळ्या पोरांना रस्त्यात चिडवणाऱ्यांच्या हाती खेळणं दिलं. पण दोष वाटायचा तर आधी पैसे देणाऱ्याचा वाटा काढा, मग घेणाऱ्याचा.

मार खाणारे सगळे एक होतात, ही आपली भाबडी समजूत. मालकांच्या पाच टक्के दलालीविरुद्ध लढायला व्हॉडव्हिलचे नट १९०० साली एकत्र आले. संघटनेचं नाव व्हाइट रॅट्स, आणि नावाप्रमाणं कारभार. त्यात फक्त गोरे पुरुष. मॅनेजरच्या कागदाखाली भरडले जाणारेच दारात उभे राहून जात तपासत होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्याला शिरकाव नव्हता, आणि संप मात्र सगळ्यांचा होता, हे वाचकाला सांगायला नको.

मग निकालच नको का? तसं नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं अपोलो थिएटर आधी फक्त गोऱ्यांसाठी होतं. १९३४ साली ते काळ्या पब्लिकला खुलं झालं. तिथं हौशी कलावंतांची रात्र सुरू झाली. निकाल टाळीचा. आवडलं नाही तर लोक सरळ ओरडून हाकलायचे, आणि एक सोंगाड्या येऊन गाणाऱ्याला स्टेजवरून घालवायचा. क्रूर प्रकार. पण मला तो कीथच्या कागदापेक्षा बरा वाटतो. ओरडणारा समोर दिसतो. तो त्याच मोहल्ल्यातला असतो, आणि पुढच्या आठवड्यात तोही स्टेजवर उभा राहू शकतो.

तिथंही सगळं स्वच्छ नव्हतं. २१ नोव्हेंबर १९३४ ला सतरा वर्षांची एक पोरगी आली. आई मेलेली, सुधारगृहातून पळालेली, अंगावर धड कपडे नाहीत. नाचायला आली होती, पण तिच्या आधी दोन बहिणी असल्या नाचल्या की ती घाबरली आणि गायली. एला फिट्झजेराल्ड. लोकांनी तिला पहिलं केलं, पंचवीस डॉलर मिळाले. बक्षिसात आठवडाभराचं कामही होतं. ते दिलं नाही, तिचा अवतार बघून दिलं नाही असं सांगतात. गळ्याचा निकाल पब्लिकनं दिला, चपलेचा थिएटरनं.

आता घरात या. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण. त्यांच्या फडाची शान पवळा, आपल्यातली. १९२७ च्या सुमारास महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी तमाशाचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी नाकारलं, ही हकिकत आपल्यात नेहमी सांगतात. आपल्या बाया नाचवून आलेला पैसा नको. मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण तो गल्ल्यावर आहे. कुणी कमावलं, कुणाच्या अंगावर कमावलं, हे त्यात विचारलेलं आहे. पवळेचा आवाज वाईट असं त्यात कुठं आहे? पण आपण काय केलं? नकार उचलला आणि बायांच्याच डोक्यावर आपटला. तमासगिरीण म्हणजे समाजाला बट्टा. तिच्या पोराला सोयरीक मिळेना. तिला नाचायला लावणारा पाटील मात्र जयंतीच्या मंडपात पाहुणा म्हणून खुर्चीवर.

कलामूल्य कलामूल्य करणारे पांढरपेशे समीक्षक आपल्या कवितेला फूटपट्टी लावतात, तेव्हा आपण विचारतो, फूटपट्टी कुणाची? बरोबर विचारतो. पण बारीवरच्या बाईनं हेच आपल्याला विचारलं तर? तिचा निकाल लावताना आपण कुठं बसलेलो असतो? खाली, गॅलरीत, की मॅनेजरशेजारी?

कीथच्या रिपोर्टांवरून निदान एवढं कळतं की कुठल्या गावच्या मॅनेजरनं कुणाला काय म्हटलं. आपल्याकडे तसलं दप्तर कुणी ठेवलं नाही. तमाशाच्या बोर्डावर बाईचं नाव असतं, गावासकट. दौलतजादा करताना नोट हलवून तिला जवळ बोलावणाऱ्याचं नाव कुठंच लिहिलेलं सापडत नाही.