वाहत्या नदीकाठचा वजू

इराणी विचारवंत सय्यद हुसैन नस्र यांनी १९६६ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात माणूस आणि निसर्ग या विषयावर व्याख्यानमाला दिली. १९६८ मध्ये तिचे पुस्तक झाले. पर्यावरण हा शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी फारसा नव्हता. स्टॉकहोमची जागतिक परिषदही १९७२ ची. नस्र स्वतः पदार्थविज्ञान शिकलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, संकटाचे मूळ माणसाच्या नजरेत आहे. सृष्टीचे पावित्र्य तो विसरला आणि ती त्याला नुसता कच्चा माल दिसू लागली. कुरआनचे वाक्य आणि निसर्गातील खूण, दोहोंना ‘आयत’ हा एकच शब्द आहे, याची येथे आठवण होते.

हे पटते, पण पुरे पडत नाही. कतार, कुवेत या मुस्लिम देशांचे दरडोई कार्बन उत्सर्जन जगात वरच्या रांगेत आहे. नुसत्या श्रद्धेच्या घोषणेने नजर बदलत नाही. उलट, डोक्यावर हंडे वाहणाऱ्या बाईला यंत्र वाईट म्हणून सांगणे हा जुलूमच होईल. तिच्या दारात नळ आलाच पाहिजे.

प्रश्न नळ आल्यानंतरचा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात वजू करीत. मी मुलांना वजूची रीत दाखवीत होतो. मसह करताना एक मुलगा म्हणाला, “सर, नळ चालूच आहे.” मी खजील झालो. विहिरीतून पाणी शेंदताना हात दुखत, म्हणून आपण जपून वापरीत होतो. मग ती काटकसर ईमानाची होती की दुखऱ्या हाताची? तंत्रज्ञानाने कष्ट संपवले आणि आपला संयम उघडा पडला.

इब्न माजा यांच्या संग्रहात एक हदीस आहे. वाहत्या नदीकाठी वजू करीत असाल, तरी पाणी उधळू नका, असा तिचा आशय आहे. नदीला तोटा नव्हता, बिलही येणार नव्हते. आज आपण पाणी संपेल या भीतीने वाचवा म्हणतो. ती भीती खरी आहे. पण पाणी मुबलक झाले की भीती जाते आणि उधळपट्टी परत येते. अमानत मात्र मुबलकतेतही अमानतच राहते, कारण आपण खलिफा आहोत, मालक नाही. नदीच्या खालच्या अंगालाही कोणी ओंजळ धरून बसलेले असते. मुलांना आधी हे शिकवावे लागेल, आणि त्याआधी स्वतःला.