हरवलेल्याची जात

पैठणच्या गोदाकाठी, भर दुपारच्या तापल्या वाळवंटात रडत बसलेल्या एका अंत्यजाच्या मुलाला एकनाथांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचविले, ही कथा महाराष्ट्रात शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि सोवळ्याओवळ्याचे बंधन झुगारणाऱ्या एका ब्राह्मण संताच्या धैर्याची कथा म्हणूनच ती आपल्याला शिकविली गेली आहे. या अर्थात खोटे काही नाही. परंतु तो इतका रूढ झाला आहे की कथेतली अगदी उघडी गोष्ट, म्हणजे एक मूल आपल्या आईपासून चुकले होते ही, आपल्या नजरेतून निसटून जाते. नाथांच्या आधी त्याच वाटेने स्नान उरकून आणखीही मंडळी गेली असतील. ती निर्दय होती असे मानण्यास काही आधार नाही; सर्व देहांत आत्मा एकच आहे, हे कीर्तनप्रवचनांतून त्यांनीही पुष्कळ ऐकलेले होते. त्या मुलाकडे पाहून, ‘याची आई इथेच कुठे तरी असेल’ असे मनाशी म्हणून ती पुढे गेली असतील, एवढेच. मूल ब्राह्मणवाड्यातले असते, तर हेच अनुमान करून ती तितक्याच स्वस्थपणे पुढे गेली असती काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. आणि सर्वांभूती समदृष्टी ठेवावी ही आपल्या धर्माची थोर शिकवण हरवलेल्या माणसाच्या शोधाला नेमकी कितपत उपयोगी पडते, हा त्याच्या पोटातला दुसरा.

अमेरिकेत २०२३ साली एनबीसी वाहिनीवर ‘फाउंड’ नावाची मालिका सुरू झाली. लहानपणी स्वतः पळविली गेलेली एक कृष्णवर्णीय स्त्री मोठेपणी कचेरी थाटते, आणि वर्णामुळे किंवा दारिद्र्यामुळे ज्यांच्याकडे पोलीस व वृत्तपत्रे लक्ष देत नाहीत अशा बेपत्ता माणसांचा शोध घेते, हे तिचे कथाबीज. पुढे रंजनाच्या सोयीसाठी ही नायिका आपल्या जुन्या अपहरणकर्त्याला तळघरात डांबून ठेवते. मला ही युक्ती विषयाला मारक वाटली, कारण ज्या पक्षपाताची कथा ती मालिका सांगू पाहते, त्याला असा धरून कोंडता येण्याजोगा खलपुरुष नसतोच. ज्या वायोमिंग राज्यात २०२१ साली एका गौरवर्णीय प्रवासी तरुणीच्या शोधाने सारे राष्ट्र दूरदर्शनसंचापुढे खिळून राहिले होते, त्याच राज्यात २०११ पासूनच्या सुमारे दहा वर्षांत ७१० मूलनिवासी माणसे बेपत्ता झाल्याची नोंद तेथील विद्यापीठाच्या अहवालात आहे. ती वाचण्यासाठी कोणी खिळून राहिले नव्हते.

हे वाचून आपण सुटकेचा सुस्कारा टाकावा असे आपल्याकडे काही नाही. नोएडाच्या निठारी गावातून मजुरांची मुले एकेक करून नाहीशी होत होती आणि फिर्याद घेऊन गेलेल्या आईबापांना परत लावले जात होते, त्याच काळात, नोव्हेंबर २००६ मध्ये, त्याच शहरातून एका मोठ्या संगणक कंपनीच्या अधिकाऱ्याचा मुलगा पळविला गेला; तेव्हा सारी यंत्रणा हलली आणि थोड्याच दिवसांत तो घरी आला. पुढल्याच महिन्यात निठारीच्या नाल्यातून हाडे निघाली. त्या खटल्यांतील आरोपी अखेर वरिष्ठ न्यायालयांतून निर्दोष सुटले, त्यामुळे ती मुले कोणी मारली, याचे उत्तर आज कायद्यापाशीही नाही.

आता आपल्या मुलखाकडे यावे. १८५३ साली आगगाडी ठाण्याला आली, पुढल्या वर्षी कल्याणला पोहोचली, आणि तेथून तिचे दोन फाटे झाले, एक कसाऱ्याच्या घाटाकडे आणि एक कर्जतकडे. पोटामागे निघालेली माणसे या दोन्ही फाट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इकडे येत राहिली आहेत. भिवंडीच्या मागांवर, डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत, घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींच्या पायांत ती विखुरतात; आणि मुरबाड-शहापूरकडचे कातकरी दिवाळीनंतर उचल घेऊन, बायकामुलांसह घर बंद करून, पाऊस लागेपर्यंत वीटभट्ट्यांवर जातात. अशा मुलखात एक माणूस नाहीसा होतो म्हणजे काय होते? डोंबिवलीच्या एखाद्या सहकारी गृहसंस्थेत राहणारी विद्यार्थिनी संध्याकाळच्या लोकलने परतली नाही, तर रात्र होण्याच्या आत तिचे न परतणे ही घटना झालेली असते: तिच्या दिवसाला वेळापत्रक असते, तिचे छायाचित्र शेकडो भ्रमणध्वनींवर फिरते, आणि पोलीस ठाण्यात तिच्या वडिलांबरोबर नगरसेवक जातो. भट्टीवरून नाहीशी झालेल्या मुलीचा बाप त्याच मेजासमोर उभा राहतो तेव्हा त्याला ऐकावे लागते ते निराळे. ‘गेली असेल कोणाबरोबर.’ ‘येईल चार दिवसांनी.’ ‘आधी नातेवाइकांकडे बघून या.’ आणि गाडीत किंवा फलाटावर चुकामूक झाली असेल तर, ‘ती हद्द आमची नाही, लोहमार्गवाल्यांकडे जा.’ येथे ठाणे अंमलदार दुष्ट असण्याची काहीही आवश्यकता नाही. ज्याचे अवघे आयुष्य आज इथे आणि उद्या तिथे असेच जाते असे आपण सर्वांनीच धरून ठेवले आहे, त्याचे जाणे ही घटनाच ठरत नाही. घटना नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून तपास नाही. कसाऱ्याचा घाट चढून गेले की लागणाऱ्या इगतपुरी तालुक्यात कातकऱ्यांची मुले एखादी मेंढी आणि थोडकी रक्कम यांच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबविली जात होती, हे २०२२ साली उघडकीस आले, तेही त्यांतील दहा वर्षांची एक मुलगी मरणोन्मुख अवस्थेत घराशी आणून टाकली गेली तेव्हा. तोवर ती मुले कोणाच्याही लेखी हरवलेली नव्हती.

डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या आत्मकथनात १९०१ सालचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि माझ्या मते या विषयावर मराठी मुलखात घडलेला त्याहून बोलका दाखला नाही. वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी निघालेली ही मुले, म्हणजे भीमराव, त्यांचे बंधू व दोन भाचे, मसूर स्टेशनावर उतरली. आपण येत असल्याचे पत्र नोकराच्या विसराळूपणाने वडिलांना कळलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. फलाट ओस पडला. चांगल्या कपड्यांतली, टापटीप मुले खोळंबलेली पाहून स्टेशनमास्तर आपण होऊन जवळ आला आणि आपुलकीने विचारपूस करू लागला. तोपर्यंत त्याच्या लेखी ती चुकलेली मुले होती. तुम्ही कोण, या प्रश्नाला भीमरावांनी बालसुलभ सरळपणाने ‘महार’ असे उत्तर दिले आणि त्या गृहस्थाची मुद्रा पालटली. तो आपल्या खोलीत निघून गेला. अर्ध्या तासाने तो पुन्हा बाहेर आला आणि आता तुम्ही काय करणार, असे त्याने त्यांनाच विचारले. गाडीवानांपैकी कोणी त्यांना नेण्यास राजी होईना; शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर मार्ग निघाला. या प्रसंगातला स्टेशनमास्तर मला त्या गाडीवानांपेक्षा अधिक विचार करायला लावतो. गाडीवानांनी रूढी पाळली, एवढेच. या माणसाची करुणा मात्र खरी होती, ती आपण होऊन जागी झाली होती आणि मुलांपर्यंत चालत आली होती. एक शब्द कानी पडताच ती मागे फिरली. मुले तीच होती, फलाट तोच होता, आणि त्यांची गरज तिळमात्र कमी झाली नव्हती.

वेदान्ती यावर म्हणेल की, त्या स्टेशनमास्तराला समदृष्टी नव्हती, ती असती तर असे झाले नसते. मला याविषयी शंका आहे. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्या ठायी ज्ञानी पुरुष सारखेच पाहतो, असे गीतेचा पाचवा अध्याय सांगतो. परंतु सारखे पाहणे दोन रीतींनी साधते, सर्वांसाठी धावून जाऊन किंवा कोणासाठीच न धावून, आणि दुसरी रीत फार सोपी आहे. दुसऱ्या अध्यायाचा आधार घेणाऱ्याला तर असेही म्हणता येईल की आत्मा मुळी हरवतच नाही, मग शोध कोणाचा? काशीत वाट अडवून उभ्या राहिलेल्या चांडाळाने शंकराचार्यांना, दूर कोणी व्हावयाचे, देहाने की आत्म्याने, असा प्रश्न केला आणि आचार्य त्याच्यापुढे नम्र झाले, ही आख्यायिका अद्वैताचा विजय म्हणून सांगितली जाते. पण परंपरेने पुढे तो चांडाळ म्हणजे साक्षात शिव होता असे सांगितले. आणि तसे सांगताच त्या कथेतला चांडाळ कायमचा बेपत्ता झाला. आचार्यांनी नमस्कार केला तो अखेर देवाला.

शोध ही क्रिया स्वभावतःच अद्वैताच्या उलट दिशेने जाते. पोलिसांच्या शोधपत्रिकेचा नमुना पाहावा: उंची, बांधा, वर्ण, केस, अंगावरील पोशाख, ओळखीची खूण. निर्विशेष ब्रह्माचा शोध ध्यानात घेता येत असेल, पण चुकलेल्या पोराचा शोध डाव्या भुवईवरच्या व्रणावाचून घेता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून एकासाठी निघतो, ते हिशेबाला धरून नाही. आणि आईचे प्रेमही हिशेबाला धरून नसते. आपल्या माणसाबाबत ही विशेषदृष्टी सर्वांनाच असते. परक्याबाबत ती होणे, ‘मजूर’, ‘बाई’, ‘कातकऱ्याचे पोर’ एवढ्यावर न थांबता हा एकच एक, पुन्हा न होणारा जीव असे त्याच्याकडे पाहता येणे, याला मी धर्म म्हणेन. नाथांनी केले ते हेच. त्या मुलाच्या ठिकाणी त्यांनी आत्मा पाहिला असेलही. उचलले मात्र भाजलेल्या पायांचे, धुळीने माखलेले मूल.

धर्मशास्त्राने हरवलेल्याचा विचार केलाच नाही, असे नाही. परदेशी गेलेल्याची वार्ता लागत नसेल तर बहुधा बारा वर्षे वाट पाहून, पळसाच्या तीनशे साठ देठांची प्रतिकृती करून तिचा दाह करावा आणि मग और्ध्वदेहिक करावे, असा विधी निबंधग्रंथांत आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने हीच मुदत सात वर्षांवर आणली. दोहोंच्या मागे घरच्यांचा शोक होता, तसा मिळकतीचा प्रश्नही होता: श्राद्ध कोणी करावे, वाटा कोणाला जावा, पत्नीने कसे राहावे. ज्याच्या मागे वतन नाही, सातबारा नाही, विम्याचा कागद नाही, तो जिवंत आहे की मेला, याचा निर्णय व्हावा अशी निकड कोणत्याच दफ्तराला नसते. त्याच्या आईला असते, पण तिची मुदत संपत नाही.

चोखोबांच्या अस्थींची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास वेठीला धरलेल्या मजुरांवर कुसवाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा गेले. पुढे नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातली हाडे एकेक करून त्यांनी कानाशी लावली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोख्याची म्हणून निवडली आणि पंढरीच्या महाद्वारी त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. वारकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारी ही कथा आहे, माझ्याही आणते. तरीही विचारावेसे वाटते की बाकीच्या हाडांचे काय झाले? तीही वेठबिगारांचीच होती, त्यांनाही कोणी तरी घरी वाट पाहणारे होते, आणि ज्यांची हाडे गप्प राहिली त्यांचा शोध घ्यायला कोणी नामदेव आला नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मेली. त्यांत तिचे बांधकाम करणारे व अर्धवट बांधलेल्या तिच्याच मजल्यांवर संसार मांडून राहिलेले मजूर आणि त्यांची मुले होती. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत अमुदान केमिकल्स या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा काही देह इतके जळाले होते की कोणाची ओळख अंगठी-मंगळसूत्रावरून पटवावी लागली, तर इतरांसाठी आप्तांच्या रक्ताचे नमुने घ्यावे लागले. डीएनए ही आजच्या काळातली नामदेवांची श्रवणशक्तीच म्हणावयाची. आणि भक्तीची अट तिला नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र नमुना द्यायला नातलग पुढे यावा लागतो, आणि ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, ज्याला मुकादमाने सकाळी नाक्यावरून उचलून आणले आहे, त्याचे नातलग कोणत्या गावी वाट पाहत आहेत, हे कोण सांगणार?

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर जो हुकूम दिला, त्याचे महत्त्व मला या दृष्टीने वाटते. मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि तपासात अन्यथा दिसेपर्यंत ते पळविले गेले आहे किंवा विकले गेले आहे असे गृहीत धरावे, असे न्यायालयाने सांगितले. पोलिसांची मने पालटण्याच्या खटपटीत ते पडले नाही. एका गृहीताच्या जागी दुसरे गृहीत बसविले. ‘आई इथेच कुठे तरी असेल’ असे म्हणून पुढे जाण्याची मुभाच त्याने काढून घेतली, आणि नाथांना जे अंतःकरणाने सुचले ते कंटाळलेल्या, झोप अपुरी झालेल्या अंमलदाराकडून नियमाने व्हावे अशी तजवीज केली. अर्थात नियमाच्या पलीकडे जाणारी माणसेही असतात. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातील राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींची प्रकरणे आली. त्यांतल्या १६५ सापडल्या. जानेवारी २०१३ मध्ये नाहीशी झालेली एक राहिली, तिचे छायाचित्र ते सेवानिवृत्तीनंतरही बाळगून होते, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, ती अंधेरीच्याच परिसरात.

पण तो हुकूम अठराव्या वर्षाशी थांबतो. प्रौढ माणूस नाहीसा झाला की आजही गुन्हा नोंदला जात नाही, ‘मिसिंग’ दाखल होते. आणि सज्ञान माणसाला आपल्या मर्जीने घर सोडण्याचा अधिकार असल्यामुळे, विशेषतः घरच्या जाचातून सुटू पाहणाऱ्या स्त्रियांचा विचार करता, हा भेद सर्वस्वी गैर म्हणता येत नाही. मात्र मर्जीने गेला हे अनुमान बँकेतल्या कारकुनाविषयी किती दिवसांनी केले जाते आणि कल्याणच्या नाक्यावरच्या बिगाऱ्याविषयी किती तासांत, हे ताडून पाहण्याजोगे आहे. तक्रार आल्याची तारीख आणि पहिला जबाब नोंदल्याची तारीख दोन्ही दफ्तरात असतात. ठाणे पोलीस आयुक्तालयाने व लोहमार्ग पोलिसांनी त्यांतील अंतराचा हिशेब दरसाल छापावा, आणि त्यात जातीचा नको असेल तर निदान धंद्याचा आणि राहत्या पत्त्याचा रकाना ठेवावा.