एकच अडचण, दोन उत्तरे

हदीस-संग्रहांत दोन सहाबींचे प्रसंग आढळतात. ते शेजारी ठेवून वाचले की मन थबकते. हजरत इत्बान बिन मालिक (रजि.) यांची दृष्टी अधू झाली होती. पाऊस पडला की वाटेवरचा ओढा भरून वाही आणि आपल्या लोकांच्या मस्जिदीपर्यंत पोहोचणे त्यांना अशक्य होई. आपल्या घरी येऊन एका जागी नमाज अदा करावी, म्हणजे तीच जागा मी नमाजसाठी निश्चित करीन, अशी विनंती त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना केली. प्रेषितांनी ती मान्य केली व ते स्वतः त्यांच्या घरी गेले. दुसरे हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.). तेही दृष्टिहीन. त्यांनी घरीच नमाज पढण्याची सवलत मागितली, तेव्हा अजान ऐकू येते काय, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी होकार देताच मस्जिदीत यावे असे उत्तर मिळाले.

या दोन उत्तरांची संगती विद्वानांनी निरनिराळ्या प्रकारे लावली आहे. त्या चर्चेत न शिरताही एवढे दिसते की अडचणीचे नाव एकच असून उत्तर माणसागणिक वेगळे आले. शिवाय ज्यांना सवलत मिळाली नाही, तेच इब्ने उम्मे मक्तूम प्रेषितांचे मुअज्जिन होते आणि प्रेषित बाहेर असताना अनेकदा मदीनेची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविली गेली.

दिव्यांग विद्यार्थ्यासाठी तयार होणारा ‘वैयक्तिक शैक्षणिक आराखडा’ समजून घेताना मला हे प्रसंग हटकून आठवतात. अमेरिकेने १९७५ साली कायदा करून प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यासाठी असा लेखी आराखडा शाळांना बंधनकारक केला. मूल आज नेमके कोठे आहे, वर्षअखेर त्याने कोठे पोहोचावे, त्यासाठी कोण, किती वेळ, कोणती मदत करील आणि प्रगती कशी मोजायची, हे त्यात नोंदविले जाते. आराखडा ठरविणाऱ्या बैठकीत आईवडील सदस्य म्हणून बसतात. वर्षातून किमान एकदा त्याचा फेरविचार होतो. ‘मुलीचे वाचन सुधारावे’ ही केवळ सदिच्छा झाली. आज जोडाक्षरे नसलेली तीन शब्दांची वाक्ये वाचणारी मुलगी मार्चपर्यंत दुसरीच्या पुस्तकातील अनोळखी परिच्छेद पाचांपैकी चार वेळा अर्थासह वाचील, हे झाले उद्दिष्ट. २०१७ साली एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की नाममात्र प्रगतीवर समाधान मानणारा आराखडा पुरेसा नाही. त्या मुलाच्या परिस्थितीत साजेशी प्रगती घडेल अशी त्याची आखणी हवी.

यावर आक्षेप येतो. परीक्षेत एकाला लेखनिक आणि तासामागे वीस मिनिटे अधिक मिळाली, तर हा इतरांवर अन्याय नव्हे काय? हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांना सांगण्यात आले की उभे राहून नमाज पढा, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर. नमाज तीच राहिली, फर्जही तेच राहिले. फक्त ते पार पाडण्याची रीत बदलली. सफमध्ये कोणी खुर्चीवर बसला म्हणून आपला सवाब घटला, अशी उभ्या नमाजीची तक्रार मी अद्याप ऐकलेली नाही.

खरा कठीण प्रश्न पुढे आहे. ज्या मुलाची समज वयाच्या मानाने फार मागे राहिली आहे, त्याचे काय? समज नसलेल्यावरून कलम उचलले गेले आहे, त्याच्याकडून हिशेब नाही, हे हदीसवरून आपण जाणतो. या वचनाचा आधार घेऊन आपल्या अनेक घरांत एक वाक्य बोलले जाते: “तो मासूम आहे, त्याला कशाला त्रास?” बोलणाऱ्याच्या मायेविषयी शंका नाही. पण ही माफी मुलाला मिळाली आहे. आईवडिलांना, उस्तादांना ती मिळालेली नाही. शिकविण्याची अमानत ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यावरील कलम चालूच आहे. मुलाच्या माफीच्या आड आपली सुटका करून घेणे, हे दयेच्या वेषातील हकतलफी होय. नमाज फर्ज नसलेल्या मुलालाही आपल्या हाताने जेवता यावे, घरचा पत्ता सांगता यावा, सलामला उत्तर देता यावे, हा त्याचा हक उरतोच.

आपल्या देशात अमेरिकेइतकी तपशीलवार कार्यपद्धती कायद्यात नसली, तरी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. सरकारी, अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांनी गरजेनुसार वैयक्तिक साहाय्य द्यावे आणि अशा प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे, असे तो सांगतो. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगतेचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करावी, विशेष शिक्षकांना भेटावे आणि आराखड्याची प्रत मागून घ्यावी. भीड बाळगू नये. समोर आलेल्या कागदावर मात्र न वाचता सही करू नये. मूल घरी काय करू शकते, हे शाळेपेक्षा अम्मीला अधिक ठाऊक असते, ते त्यात लिहिले जावे.

आणि आमचे मक्तब? तेथे चाळीस मुलांना एकच सबक, एकच गती. जो मागे पडला तो गळाला. यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. हजेरीपटात अशा प्रत्येक मुलासाठी एक वेगळे पान ठेवता येईल. कमी ऐकू येणाऱ्याची जागा उस्तादांच्या समोर, ओठ दिसतील अशी. ज्याला पाठांतर पेलत नाही, त्याच्या पानावर वर्षभरासाठी सूरह इख्लास आणि वुजू, एवढेच. वुजूचीही एकेक पायरी: पहिला महिना फक्त मनगटापर्यंत हात तीनदा धुणे, कोणी हात न धरता. ते जमले की तारीख घालून नोंद करावी आणि अब्बांना दाखवावी. पुढच्या महिन्यात चूळ भरणे.