वंशावळीतील रिकामी जागा



आमचे कुर्डुवाडी हे जंक्शनचे गाव. १८९७ साली येथून बार्शीपर्यंत छोटी रेल्वे धावू लागली आणि १९११ साली ती लातूरला पोहोचली. रेल्वेने आणि तिच्या कारखान्याने कितीतरी घराण्यांना येथे आणून वसविले. त्यामुळे ‘आमचे मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न येथे घरोघरी ऐकू येतो. अलीकडे त्याला निकडही आली आहे. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून बागवान, अत्तार, पिंजारी अशा घरांतील मुले शाळांचे जुने निर्गम उतारे, गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जमिनीचे फेरफार शोधत हिंडत असतात.

असाच एक बागवान तरुण वडिलांसह माझ्याकडे आला. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे पुरावा सापडत नव्हता. वंशावळीच्या कागदावर पणजोबा, त्यांचे तीन मुलगे, मग नातू अशी केवळ पुरुषांची नावे होती. मी सहज विचारले, “आजोबांना बहीण नव्हती का?” वडील क्षणभर थांबून म्हणाले, “एक आहेत. लातूरला दिल्या. येणे-जाणे नाही.”

पुढे त्या बहिणीचेच नाव गावच्या शाळेच्या जुन्या नोंदवहीत सापडले. दोन इयत्ता शिकलेली मुलगी; नावापुढे जातीची स्पष्ट नोंद. जिला वंशावळीत जागा नव्हती, तिच्याच नोंदीने नातवाचे काम झाले. उतारा हातात घेऊन त्या मुलाने विचारले, “मौलाना, पणजोबांच्या मळ्यात या आजींचा हिस्सा निघाला होता का?” वडिलांनी मान खाली घातली.

वाचकहो, आपल्या धर्माने वंशज्ञान निषिद्ध मानलेले नाही. हजरत अबू बक्र (रजि.) हे कुरैशांच्या वंशावळीचे मोठे जाणकार होते. आदरणीय प्रेषितांनी (स.) वंशाची माहिती घेण्यास सांगितले, तेव्हा त्याचे प्रयोजनही सांगितले: नातेसंबंध जोडता यावेत. सूरह अल-हुजुरातमध्येही हाच आशय आहे. कुळे आणि जमाती परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत. अल्लाहजवळ प्रतिष्ठा आहे ती तकव्याची. म्हणूनच बागवान असल्याची लाज वाटून कोणी स्वतःला उच्च कुळाशी खोटेपणाने जोडणे हे मोठे पाप ठरते. ज्याला त्याचे कर्म मागे ठेवते, त्याला त्याचा वंश पुढे नेत नाही.

परंतु खोटे नाव जोडणे जसे पाप, तसे खरे नाव गाळणे पुण्य कसे असेल? सूरह अन्-निसाच्या पहिल्याच आयतीत रक्ताच्या नात्यांविषयी सावध केले आहे. त्याच सूरहमध्ये आई-वडिलांच्या मागे उरलेल्या मालमत्तेत, ती थोडी असो वा जास्त, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा ठरवून दिला आहे. हा हिस्सा भावाची मेहेरबानी नाही. तो अल्लाहने नेमून दिलेला हक्क आहे.

आपण म्हणतो, “बहिणीने हक्क सोडला.” तिने तो कसा सोडला, हे मनाशी विचारून पाहा. हिस्सा किती, हे तिला सांगितले होते का? “मागितलास तर माहेर तुटेल,” ही भीती तिच्या अंगठ्यामागे नव्हती ना? भीतीपोटी उमटलेला अंगठा म्हणजे खुशीची देणगी नव्हे. आणि वडिलांनी दाबलेला हक्क मुलाच्या ताब्यात आला म्हणून तो हलाल होत नाही. त्याबरोबर परतफेडीची जबाबदारीही येते.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, “दाखला मिळेल, इन्शाअल्लाह. पण आधी लातूरला जा. सलाम करा, माफी मागा, हिशेब पुढे ठेवा. घ्यायचे की सोडायचे, ते आजींना ठरवू द्या.” वडील उठताना म्हणाले, “त्यांची तब्येत बरी नसते म्हणतात. उशीर नको.”

वाचकहो, या महिन्यात आपणही घराण्याची वंशावळ लिहून काढा. त्यात लेकींची, बहिणींची, आत्यांची नावे लिहा आणि प्रत्येक नावापाशी थांबून विचारा: हिचा हक्क हिला पोहोचला का? जी हयात आहे, तिच्या दारी आजच जा. जी गेली, तिच्या वारसांचे दार शोधा.

अल्लाह आपणा सर्वांना तुटलेली नाती जोडण्याची आणि दाबलेले हक्क परत करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.