एका काट्याचे घड्याळ

सोळाव्या शतकाच्या आरंभी न्यूरेंबर्गचा कुलपे करणारा पेटर हेन्लाइन अंगावर बाळगता येतील अशी घड्याळे घडवू लागला. त्या काळच्या घड्याळांना काटा एकच, तासाचा! १६७५ साली डच शास्त्रज्ञ हायगेन्सने तोलचक्राला केसासारखी बारीक कमान जोडली. चूक दिवसाकाठी काही मिनिटांवर आली, आणि मिनिटकाटा रूढ झाला.

परवा पाच मिनिटे उशिरा आलेल्या मुलाला मी वर्गाबाहेर उभे केले. धाकट्या बहिणीला तिच्या शाळेत पोचवून तो धावत आला होता, हे मागाहून कळले. घड्याळ माझे बरोबर होते, पण मी? उशीर किती झाला, हे काटा सांगतो. का झाला, हे माणसालाच विचारावे लागते. विचारायला मला मिनिटभरही लागले नसते.