पिओनीचा स्वधर्म

भीमाशंकराच्या अरण्यास लागून उभ्या असलेल्या सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातील एखाद्या हौशी गृहस्थाने आपल्या परसात पिओनी हे फुलझाड लावावयाचे मनावर घेतले, तर त्याचा कज्जा मातीशी नव्हे, थंडीशी पडेल. या कुळातील एक जात हिमालयात रानोमाळ वाढते आणि युनानी हकीम तिची मुळी ‘ऊद-सलीब’ या नावाने औषधात वापरीत आले आहेत. परंतु हिवाळ्याचे कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या आसपासचा गारठा सोसल्यावाचून पिओनीचे कंद कळी धरीत नाहीत, आणि तसा गारठा सुमारे ३,२०० फूट उंचीच्या सिद्धगडाच्या माथ्यावरदेखील टिकत नाही. मग कोणी कंद शीतपेटीत ठेवितो, कोणी कुंडीत बर्फ पसरितो, कोणी कंदाचे डोळे मातीखाली दोन इंचांहून खोल जाऊ न देण्याची दक्षता घेतो, कारण ते खोल गेले की पाने येतात, फूल येत नाही. उन्हाळ्यात जेथे प्यावयाच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, त्या मुलखात फुलासाठी बर्फ, ही हौस जरा महागच म्हणावी लागेल.

चीनमध्ये अशी आख्यायिका आहे की सम्राज्ञी वू हिने ऐन हिवाळ्यात सर्व फुलांना फुलण्याचा हुकूम सोडला, तो एकट्या पिओनीने मानला नाही, आणि त्या अपराधाबद्दल तिला राजधानीतून लोयांगला हद्दपार करण्यात आले. ही कथा ऐकताच आपल्याकडील सुशिक्षितास गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील स्वधर्म आठवतो. सात वर्षे मुकाट्याने वाढून एकदाच फुलणारी आणि बी धरून मरणारी येथील कारवीही त्याच्या पक्षात साक्ष देते, आणि ज्याने त्याने आपापल्या जागी असावे हा सिद्धान्त जणू निसर्गाच्याच दफ्तरात नोंदलेला आहे असे वाटू लागते.

पण दसऱ्याला आपण दारास ज्याचे तोरण बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. त्याला येथील ऊन मानवले, पिओनीला मानवत नाही. म्हणजे प्रश्न देशी-परदेशीचा नसून केवळ गरज भागण्याचा आहे. वनस्पतीच्या बाबतीत स्वधर्म म्हणजे एवढेच, आणि त्यात पुण्यही नाही, पापही नाही.

माणसाला हाच दाखला लावण्याची आपली जुनी खोड मात्र निरुपद्रवी नाही. १९१२ साली माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेल्या विठ्ठल लक्ष्मण कोतवालांना गावगाड्याने बलुतेदारी जन्माबरोबरच नेमून दिलेली होती. ते वकील झाले, आझाद दस्ता ही भूमिगत तुकडी उभारून त्यांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी याच सिद्धगडाच्या रानात सहकारी हिराजी पाटलांसह इंग्रज पोलिसांच्या गोळीला बळी पडले. परधर्म भयावह मानणाऱ्यांच्या हिशेबाने कोतवालांनी दोन वेळा आपली जागा सोडली, एकदा वस्तऱ्याची आणि एकदा वकिलीची. तरी ज्या मरणाला ती मंडळी श्रेयस्कर म्हणतात, ते त्यांना जागा सोडल्यावरच आले. पिओनीला कोणता गारठा सोसावा हे ठरविता येत नाही. कोतवालांनी आपला स्वतः ठरविला, आणि जन्मावरून स्वधर्म सांगणाऱ्या कोणत्याही भाष्यकाराने प्रथम या ठरविण्याचा जबाब दिला पाहिजे.