कोणत्या मामाचं ऐकायचं?

मेंदूच्या गाठीचा आजार एका बाबतीत फार वेगळा आहे. फुप्फुस किंवा यकृत बिघडलं, तरी ‘मला काय हवंय’ हे सांगणारा माणूस बहुतेकदा तोच राहतो. मेंदूत गाठ झाली की तो सांगणाराच बदलू शकतो. मग रुग्णाच्या इच्छेचा मान राखायचा म्हणजे नक्की कोणाच्या इच्छेचा?

माझ्या मामाला ग्लायोब्लास्टोमा झाला, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात आला. मेंदूतल्या सर्वांत आक्रमक गाठींपैकी ही एक. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिली गेली. निम्मे रुग्ण जितका काळ जगले, तो काळ त्यामुळे १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. अडीच महिने थोडे नसतात. पण ते कसे जातात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

मामा गणिताचा शिक्षक. धडधाकट असताना तो म्हणायचा, “मला कुणी घास भरवायची वेळ आली, तर उपचार थांबवा. तसलं जगणं मला नको.” गाठ कपाळामागच्या भागात होती. ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या, सगळं झालं. काही महिन्यांनी गाठ पुन्हा वाढली आणि ती वेळ आलीच. मामी त्याला शिरा भरवायची आणि मामा खूश व्हायचा. एकच जुना सिनेमा रोज बघून त्याच जागी रोज हसायचा. डॉक्टरांनी विचारलं, पुढची केमो द्यायची का? मामेभाऊ म्हणाला, “बाबांनी स्पष्ट सांगून ठेवलंय.” मामी म्हणाली, “ह्यांनी सांगितलं होतं ते खरं. पण आत्ता हे हसतायत, ते खोटं का?”

तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे. अमेरिकन विचारवंत रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९९३च्या ‘लाइफ्स डोमिनियन’ या पुस्तकात अल्झायमर झालेल्या, पण आनंदात असलेल्या एका बाईंचं उदाहरण घेतलं. त्यांचं म्हणणं, माणसाने शुद्धीत असताना आयुष्याला जो आकार दिला, त्याचा मान राखा. तिची आधीची इच्छा पाळा. कायद्याच्या अभ्यासक रिबेका ड्रेसर यांनी उलट विचारलं, की समोर जी बाई आत्ता सुखात आहे, तिला तिच्याच जुन्या मताची शिक्षा का?

मला दोघांचंही निम्मं पटतं. पण त्याआधी एक साधी गोष्ट तपासायला हवी, आणि ती आम्हाला पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांनी शिकवली. मध्यंतरी मामा रात्रभर ओरडायचा, मामीवर हात उगारायचा. आम्ही समजलो, आता याचा स्वभावच असा झाला. डॉक्टरांनी औषधांची यादी मागितली. मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन झोप उडवतं, भूक वाढवतं, माणसाला चिडचिडं करतं. त्यांनी डोस कमी केला आणि संध्याकाळची गोळी सकाळी द्यायला सांगितली. बद्धकोष्ठतेवर औषध दिलं. बोलताना शब्द सापडेनात, म्हणून ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिलेली दोन कार्डं दिली. आठवड्याभरात मामा झोपू लागला आणि कार्डावर बोट ठेवून उत्तरं देऊ लागला.

‘आता करण्यासारखं काही उरलं नाही’ असं झालं की मगच पॅलिएटिव्ह केअर, असं आपल्याकडे अजून समजतात. मला वाटतं, तिची जागा पहिल्या दिवसापासून आहे. फिट, सूज, निद्रानाश, वेदना यांच्या गोंगाटात माणसाचा आवाज ऐकूच येत नाही. तो गोंगाट कमी न करता त्याची इच्छा ठरवणं म्हणजे त्याला न विचारताच निकाल देणं.

डॉक्टर रुग्णाची अवस्था मोजायला कार्नोफ्स्की मापन वापरतात, ० ते १००. काम करता येतं का, स्वतःचं स्वतः आवरता येतं का, यावर गुण. घास भरवावा लागणारा मामा त्यात निम्म्याच्या खालीच गेला असता. शिरा गोड लागला का, हे ते मापन विचारत नाही. ते विचारणारं माणूस शेजारी बसलेलं लागतं.

शेवटी आम्ही असं ठरवलं. पुढची केमो आणि व्हेंटिलेटर या मोठ्या गोष्टींत आधीच्या मामाचं ऐकायचं, कारण त्यांचे परिणाम समजून मत देणारा तोच होता. जेवण, सिनेमा, कुशीवर वळवणं, कुणाला भेटायचं, यात आताच्या मामाचं. केमो घेतली नाही. शिरा चालू राहिला. मामेभावाला हे पूर्ण पटलं नाही, आणि त्याचं दुःख मला चुकीचं वाटत नाही. वडिलांना दिलेला शब्द त्याला जड होता.

तुमचं वय पंचवीस असेल, तरी हा प्रश्न तुमचा आहे. आज आईबाबांच्या बाजूने, पुढे स्वतःच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३मध्ये प्रक्रिया सोपी करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरची सहीही पुरेशी ठरवली. घरात यावर बोला, लिहून ठेवा. फक्त त्यात ‘काय नको’ याच्या यादीखाली आणखी एक ओळ लिहा: माझ्या रोजच्या जगण्याबद्दल मात्र मला त्या त्या दिवशी पुन्हा विचारा, मी तेव्हा कसाही असलो तरी.